ब्युरेट कशाने विसळायची?

आकारमानी विश्लेषण, म्हणजे एका द्रावणाचे किती आकारमान लागले ते मोजून दुसऱ्या द्रावणातल्या पदार्थाचे प्रमाण काढणे, शिकताना कोणते उपकरण कशाने विसळायचे हा प्रश्न बहुतेक जण पाठांतरावर सोडतात, पण माझ्या मते सगळा विषय त्याच प्रश्नात आहे. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणा केलेली उभी नळी) आणि पिपेट (ठरावीक आकारमानाचे द्रावण उचलून देणारी नळी) ऊर्ध्वपातित पाण्याने धुतल्यावर ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने पुन्हा विसळून घ्यावी लागते, शंकुपात्र (ज्यात दोन्ही द्रावणे एकत्र येतात ते शंकूच्या आकाराचे भांडे) मात्र फक्त पाण्याने. हा नियम पाठ असूनही विद्यार्थिदशेत मी एकदा शंकुपात्र ऑक्झॅलिक आम्लाने विसळले होते, आणि त्या दिवशी माझी तिन्ही वाचने एकमेकांशी जुळली नाहीत.

पिपेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर द्रावण विरळ होते आणि 25 मिली मोजूनही त्यात आम्ल कमी भरते. शंकुपात्रात आम्ल किती पडणार हे पिपेटनेच ठरवलेले असते. तिथे पाणी कितीही असले तरी आम्लाचे प्रमाण बदलत नाही, मात्र भिंतीला आम्ल चिकटलेले असेल तर ते वाढते, आणि दर वेळी निराळे वाढते.

पिपेट रिकामी झाल्यावर टोकात उरणारा शेवटचा थेंब फुंकून काढू नये, कारण साध्या पिपेटवरची खूण तो थेंब आतच राहणार हे धरून केलेली असते. ब्युरेट आणि पिपेट ही नावे गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1824 मध्ये रूढ केली, असे मानले जाते.

ब्युरेटमध्ये आपण सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनातला फरक मोजतो, म्हणून तोटीखाली अडकलेला हवेचा बुडबुडा आधी काढावा लागतो आणि भरण्यासाठी ठेवलेले नरसाळे उचलून ठेवावे लागते. त्यातून मागाहून ओघळलेला थेंब वाचन बिघडवतो. एक थेंब साधारण 0.05 मिलीचा असतो, म्हणून अंतिम बिंदूजवळ, म्हणजे रंग बदलून अभिक्रिया पूर्ण झाल्याचे कळते त्या क्षणाजवळ, मी तोटीच्या टोकाला अर्धाच थेंब लोंबू देतो, तो शंकुपात्राच्या आतल्या भिंतीला टेकवतो आणि पाण्याच्या पिचकारीने खाली उतरवतो. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि दर्शक (रंग बदलून अंतिम बिंदू दाखवणारा पदार्थ) फिनॉल्फथॅलीन असेल, तर हलवल्यावर अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा पुरेशी आहे. ती नंतर विरली तरी आणखी थेंब घालू नये, कारण तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात मिसळत असतो.