वाईतला एक दिवस

आज दिवसभर वाईत होतो. सकाळी आधी मेणवली गाठली, गावापासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. तिथली मोठी पोर्तुगीज घंटा पाहून हरखून गेलो. १७३९ च्या वसई मोहिमेतली ही लूट. चर्चमध्ये वाजणारी घंटा आज महादेवाच्या शेजारी आहे! वाड्यातल्या भिंतींवरची चित्रं मात्र वेळ काढून बघा, घाईत निसटतात.

दुपारी वाईच्या गणपती आळीत. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. बहुतेक जण दर्शन घेऊन लगेच परततात, पण मी म्हणेन, देवळाच्या मागे जाच. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फुटतं. कृष्णेचे किती पूर झेलले असतील त्या भिंतीने! बांधणाऱ्यांना नदी नीट कळलेली होती, हे तिथे उभं राहिल्यावरच पटतं. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा काळ्या पाषाणाचा नंदीही चुकवू नका.

मराठी विश्वकोशाचं कार्यालय याच गावात आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथेच एवढं मोठं काम उभं केलं, याचा मराठी माणूस म्हणून फार अभिमान वाटला.

घाटाच्या पायऱ्यांवर प्लॅस्टिक आणि निर्माल्य पडलेलं पाहून जीव तुटला. जाणार असाल तर आपला कचरा पिशवीत परत आणा. आणि वेळ उरला तर जवळच्या धोम गावातल्या नरसिंहाच्या देवळात जा, कमळाच्या आकाराच्या कुंडातला तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय.