तुम्ही विचारलंत म्हणून: हिप्परग्याहून चालत कशाला?

सोलापुरात पाहुणे आले की किल्ला, सिद्धेश्वराचं तळं, पंढरपूर, अक्कलकोट सोडून हिप्परग्याच्या बांधावरनं कालव्याच्या कडेकडेनं गिरणीपर्यंत चालत कशाला नेतेस त्यांना, तिथं आहे काय, हे मला नात्यातले विचारतात, ऑफिसातले विचारतात. दरवेळी अर्धंच सांगून विषय संपवते. आज पूर्ण लिहिते.

ऊन आहे, वेडी बाभूळ आहे, शहर जवळ आलं की वास आहे. मान्य. पण किल्ला दाखवायला मी कशाला पाहिजे? मला हे दाखवायचंय की रेल्वे १८६० ला आली, एकरूखचा, म्हणजे हिप्परग्याचाच, तलाव १८७१ ला पूर्ण झाला, मग १८७६ चा दुष्काळ पडला, आणि १८७७ ला मोरारजी गोकुळदासांची गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली. रेल्वे, पाणी आणि रानं वाळल्यावर कामाला लागलेली माणसं, हे तिन्ही नसतं तर इथं चिमणी उभीच राहिली नसती असं माझं ठाम मत आहे. आणि ते चालतानाच पटतं, कारण आधी बांध, मग ज्वारी, मग ऊस, मग एकदम यंत्रमागांची खटखट, सगळं एका सकाळीत ओळीनं येतं.

"वडिलांच्या आठवणीपायी करते ती," असंही कुणीतरी म्हणालं. नाही. अण्णा आहेत अजून, आणि मी चालायला लागले तेव्हा मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

अण्णा साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. गिरणी जुनी मिल नव्हे, दुसरी, नाव लिहीत नाही. ती बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर अण्णा सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, आई म्हणायची गिरणीकडून यायच्या देण्यांच्या केससाठी वकिलाकडे जातात. आम्ही कधी जास्त विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ते म्हणाले, मीपण येतो. बरोबर कॉलेजची चार पोरं होती. बांधावर मी नेहमीसारखी बोलले, तलाव, साल, शहराला इथनं पाणी कसं जायचं, अण्णा मागं उभं राहून ऐकत होते. मग कालव्यानं निघालो. थोडं पुढं गेल्यावर एका उसाच्या रानापाशी ते थांबले आणि पोरं पुढं गेलेली बघून म्हणाले, "इथं मी दोन उन्हाळे दारं धरली. रात्रीची लाईट असली की रात्रभर." मला कळेचना. मी म्हटलं, "कधी?" तर म्हणाले, "तुला वकील सांगितला होता तेव्हा."

रोजावर. चार साचे एकट्यानं सांभाळणारा माणूस दुसऱ्याच्या उसात खोरं घेऊन. आणि त्या रानापाशी उभी राहून मी कित्येकांना कालव्याचा इतिहास सांगितला होता. मला रडू आलं, त्यांना नाही आलं. ते म्हणाले, "अगं, पाणी देणं वाईट काम नाही. पण आईला सांगितलं होतं, पोरींना कळता कामा नये." आणि थोड्या वेळानं, "तू दगड दाखवतेस ते चांगलं आहे. ही जागा नको दाखवू कुणाला."

पुढं गिरणीच्या भिंतीपाशी आम्ही नेहमी थांबतो, १९३० चा इंग्रजांचा मार्शल लॉ, फाशी गेलेले चार हुतात्मे, गिरणी कामगार रस्त्यावर आले ते, हे सगळं मी तिथं सांगते. त्या दिवशी अण्णांनीच सांगितलं. चांगलं सांगितलं.

पूर्वी मी भांडायचे की पडक्या गिरण्या जशाच्या तशा जपा. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, कुणासाठी गं? ज्यांची देणी बुडाली त्यांना ती भिंत रोज बघायला लावायची का? पण तिथं नुसते फ्लॅट झाले तर अण्णांनी इतकी वर्षं काय केलं हे नातवंडांना कुठं उभं करून सांगायचं, तेही सुचत नाही.

त्या रानापाशी मी आता न बोलता पुढं जाते. कुठलं रान ते इथंही लिहिलेलं नाही. पण गिरणीतली माणसं परत रानात गेली हेही याच रस्त्याचा भाग आहे आणि ते सांगायला पाहिजे असं मला वाटतं. अण्णांना हे दाखवलं. ते म्हणाले छापू नको. मी म्हटलं छापणार. अजून आमचं चाललंय.