सी मध्ये स्वतःचं एलएस लिहिलं, त्याचा अनुभव

ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला सी मध्ये स्वतःचं एलएस, म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड, लिहायचं होतं, उबुंटू लिनक्सवर. डिरेक्टरी (फोल्डर) वाचणं काही अवघड नाही, ओपनडिर फंक्शनने उघडा, लूपमध्ये रीडडिरने एकेक नोंद घ्या, नल (म्हणजे काहीच नाही) आलं की बाहेर, शेवटी क्लोजडिर. (एरर आली तरी नलच येतं, म्हणून आधी एररनो, म्हणजे एररचा नंबर ठेवणारा व्हेरिएबल, शून्य करून ठेवा.)

रन केलं तर ही भलीमोठी यादी, क्रमाचा पत्ता नाही आणि नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या सगळ्या फाइली पण हजर. विंडोजमध्ये फाइलला हिडन अ‍ॅट्रिब्यूट असतो, तसं काही मिळतंय का म्हणून रीडडिरचं मॅन पेज (माहितीचं पान) पालथं घातलं, नोंदीत डी_नेम म्हणजे नाव आहे, डी_टाइप म्हणजे प्रकार आहे, आयनोड नंबर म्हणजे फाइलचा अंतर्गत क्रमांक आहे, पण हिडन नावाचं काहीच नाही. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, त्याचं काही घेणंदेणंच नाही हो! नाव टिंबाने सुरू झालं की एलएस ते गाळतं, बास. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिलं होतं की जुन्या युनिक्सच्या एलएसमध्ये एक टिंब (चालू फोल्डर) आणि दोन टिंब (वरचा फोल्डर) या नोंदी दिसू नयेत म्हणून कोणीतरी शॉर्टकट मारून फक्त पहिलं अक्षर तपासलं, आणि हिडन फाइलची प्रथा तिथून पडली.

म्हणजे साध्या एलएसला एक इफ पुरतो. खरी मजा मायनस कॅपिटल ए या ऑप्शनला, तिथे बॅशआरसीसारखी टिंबवाली फाइल दिसायला पाहिजे पण एक टिंब आणि दोन टिंब ही दोन नावं नको. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पहिली दोन अक्षरं टिंब आहेत का एवढंच बघितलं, सरांनी टच कमांडने तीन टिंबांची फाइल बनवली आणि ती त्यांच्यापैकी कोणाच्याच यादीत येईना. एसटीआरसीएमपी या दोन स्ट्रिंगची तुलना करणाऱ्या फंक्शनने पूर्ण नाव तपासलं की हा प्रश्नच येत नाही.

साइझ दाखवायला एलस्टॅट, म्हणजे फाइलची माहिती देणारं फंक्शन, वापरलं. त्याला नुसतं डी_नेम दिलं तर चालू फोल्डरमध्ये सगळं छान चालतं आणि दुसरा पाथ दिला की नो सच फाइल, कारण नावात पाथ नसतो, तो एसएनप्रिंटएफने आपणच जोडायचा. डी_टाइपवर पण फार विसंबू नका, काही फाइल सिस्टिम अननोन देतात.

क्रमासाठी मग स्कॅनडिर घेतलं, ते सगळ्या नोंदी एकदम अ‍ॅरेत देतं, त्यालाच फिल्टर फंक्शन देता येतं, शून्य परत केलं की नोंद गळते, आणि सोबत नावांच्या क्रमाने लावणारं अल्फासॉर्ट. फक्त मेमरी मोकळी करणं आपल्या गळ्यात, आधी एकेक नोंद फ्री आणि मग अख्खा अ‍ॅरे.