सहीचा अधिकार आणि दुसऱ्याची मजुरी

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत तलाठी म्हणून बरीच वर्षे काढल्यानंतर मला मंडळ अधिकारी, म्हणजे काही गावांच्या तलाठ्यांवरचा अधिकारी, म्हणून बढती मिळाली, तेव्हा अभिनंदन करणाऱ्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला की, पाय जमिनीवर ठेवा. महसूल खात्यातील माणसाचे पाय जमिनीवर असतातच. वाद असतो तो त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, याचा. थट्टा सोडली तरी, नम्रता म्हणजे हळू आणि गोड बोलणे, ही समजूत मला अपुरी वाटते. गोड बोलून माणसाला चार चकरा मारायला लावणारे अधिकारी मी पाहिले आहेत, आणि तोंडाने फटकळ असूनही कोणाचा कागद अडवून न ठेवणारेही पाहिले आहेत.

एखादा शेतकरी वारला की त्याची पत्नी आणि मुले वारस नोंदीसाठी अर्ज करतात. तलाठी नोंद घेतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे, ती नोंद प्रमाणित करण्याचे काम मंडळ अधिकाऱ्याकडे येते. मुदत संपलेली आहे, हरकत नाही, कागद पूर्ण आहेत, तरीही ती नोंद मी आणखी आठ दिवस तशीच ठेवली, तर त्या बाईला माझ्यावर रागावण्याची सोय नाही, कारण पुढचे कामही माझ्याकडेच येणार असते. तिचे नाव सातबाऱ्यावर चढल्याशिवाय सोसायटीचे पीक कर्ज तिच्या नावे होत नाही आणि पेरणी तर मृगाकडे पाहून करायची असते. कापूस वेचणीच्या दिवसांत तिची मजुरी किलोवर ठरते; म्हणजे माझ्या दारात बसलेल्या दिवशी तिची कमाई शून्य, शिवाय एसटीचे भाडे वेगळे. म्हणून कागद कमी असतील तर ते एकाच वेळी, एकाच चिठ्ठीवर लिहून द्यावेत, असा माझा आग्रह असतो. आज मृत्यू दाखला मागायचा आणि पुढच्या वेळी प्रतिज्ञापत्र मागायचे, ही पद्धत मला उर्मटपणाहून वाईट वाटते.

दयाळूपणाची खरी अडचण पंचनाम्याच्या वेळी येते. अतिवृष्टीच्या मदतीसाठी पिकाचे नुकसान किमान 33 टक्के असावे लागते, त्यामुळे तीस आणि पस्तीस या दोन आकड्यांमध्ये एका घराची मदत अडकलेली असते. धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी काहीच बोलत नाही, फक्त आपल्या काळ्या पडलेल्या पऱ्हाटीकडे पाहत राहतो, आणि अशा वेळी हात सैल सोडण्याचा मोह होतो. तसा आकडा मी लिहीत नाही, कारण एका वावरात मन मोठे केले की शेजारच्या वावरातील खऱ्या आकड्यावरही लोकांचा विश्वास उरत नाही. परंतु तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या पंचनाम्याबद्दल तक्रार आली, तर ओट्यावर बसून निकाल न देता चिखल तुडवत त्या वावरापर्यंत जाणे, आणि आकडा कमी भरत असेल तर तो का कमी भरतो हे शेतकऱ्याच्या तोंडावर सांगणे, एवढे तरी माझ्या हातात आहे. उत्तर नकाराचे असले तरी ते त्याला माझ्याकडूनच ऐकायला मिळावे. कोतवालाकरवी निरोप पाठवू नये.

कालपर्यंत माझ्याबरोबर एकाच टेबलावर चहा पिणारे तलाठी आता मला साहेब म्हणतात आणि मी आलो की खुर्ची सोडतात. ते मी नाकारत बसत नाही. नाकारण्यातही एक दिखावा असतोच. मात्र त्यांची चूक गावकऱ्यांसमोर काढायची नाही, हे मी पक्के ठरवले आहे, कारण मी जीपने निघून गेल्यावर त्याच गावात उभे राहून वसुली आणि पंचनामे त्यांनाच करायचे असतात.

मी मंडळ मुख्यालयात कोणत्या दिवशी असेन, हे आता दारावर लिहून ठेवले आहे आणि बैठक अचानक लागली तर बोलावलेल्या माणसांना फोन करण्यास तलाठ्यांना सांगितले आहे. हे दर वेळी जमते असे नाही. तहसीलमधून निरोप येतो सकाळी दहाला, आणि लांबच्या गावचा माणूस तोपर्यंत एसटीत बसलेला असतो. मग त्याची कागदपत्रे त्याच दिवशी पाहून ठेवण्याचे काम मी दुसऱ्या कोणाकडे न सोपवता बैठकीहून परतल्यावर स्वतः करतो, जेणेकरून त्याला पुन्हा त्याच कामासाठी यावे लागू नये.