वसतिगृह चालवणाऱ्या हॅनाबाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्याने आपल्या गुरुजनांविषयी लिहावे अशी रीत आहे. माझे अनेक सहाध्यायी ते काम माझ्याहून चांगले करतील याची मला खात्री आहे. मी मात्र पाचवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत शाळेच्या वसतिगृहात वाढलो, आणि म्हणूनच आपल्या शाळेशी काहीही संबंध नसलेल्या एका बाईंविषयी येथे लिहिण्याची मोकळीक घेत आहे.

मराठीचे सर आम्हाला छापील मराठीचा इतिहास शिकवीत तेव्हा त्याची सुरुवात बंगालमधील सेरामपूरपासून, म्हणजे हुगळीकाठच्या श्रीरामपूरपासून होई. विल्यम कॅरी या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली तेथे छापले, १८१० साली मोडी टाइपातील कोश काढला आणि पुढे 'सिंहासन बत्तिशी' व 'हितोपदेश' यांची मराठी रूपे त्याच छापखान्यातून बाहेर पडली, हे सरांनी आमच्याकडून पाठ करून घेतले होते. हा छापखाना चालवायला पैसा कोठून येत असे, हा प्रश्न त्या वयात आम्हाला पडला नाही. तो मला पडला तो पुष्कळ वर्षांनी, नोकरीच्या निमित्ताने कोलकात्यात राहत असताना सेरामपूरच्या मंडळींविषयी वाचू लागलो तेव्हा, आणि उत्तर शोधता शोधता मी हॅना मार्शमन यांच्यापाशी येऊन पोहोचलो.

हॅनाबाईंचा जन्म १७६७ सालचा, इंग्लंडच्या पश्चिम भागातला. त्यांचे आजोबा विल्टशायरमधील एका खेड्यात बॅप्टिस्ट मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक होते. १७९१ साली जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जोशुआ विणकराचे पुत्र, अफाट वाचन असलेले, ब्रिस्टॉलमध्ये मंडळीच्या शाळेत शिकवणारे गृहस्थ होते. १७९९ साली हे दांपत्य आपल्या दोन मुलांसह व इतर मिशनऱ्यांसह 'क्रायटेरियन' या अमेरिकन जहाजातून निघाले आणि ऑक्टोबरमध्ये सेरामपूरला उतरले. इंग्रज मिशनऱ्यांनी डेन्मार्कच्या वसाहतीत आश्रय घ्यावा हे वाचकांना विचित्र वाटेल, पण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत परवान्याविना आलेले मिशनरी नको होते आणि डॅनिश गव्हर्नर कर्नल बी यांनी त्यांना खुशाल राहू दिले. सोबतच्या मंडळींपैकी ग्रँट उतरल्यावर काही आठवड्यांतच वारले, ब्रन्सडनही १८०१ साली गेले. विधवा, लेकरे आणि परका उष्ण मुलूख अशा अवस्थेत या संसाराची सुरुवात झाली.

१८००च्या जानेवारीत कॅरी येऊन मिळाल्यावर सर्वांनी नदीकाठी एक मोठे घर घेतले. पंगत एक आणि तिजोरीही एक. घरकारभार पाहण्याची पाळी महिन्यामहिन्याने बदलत असे, आणि आठवड्यात झालेली धुसफूस मिटवण्यासाठी शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली होती. (आमच्या वसतिगृहात असा शनिवार असता तर काही भांडणे सातवीपासून दहावीपर्यंत चालली नसती.) मे महिन्यात मार्शमन पतिपत्नींनी युरोपीय मुलामुलींसाठी दोन निवासी शाळा उघडल्या. काही वर्षांतच बंगालमध्ये त्यांचा मोठा लौकिक झाला. शाळांची मिळकत सामाईक तिजोरीत जाई, कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातला कॅरींचा पगारही तेथेच जमा होई, आणि त्यातून कागद, टाइप, कंपोझिटर व पंडित यांचा खर्च भागे. प्रत्येक कुटुंबाला हातखर्चापुरती थोडी रक्कम मिळत असे. मराठी व्याकरणाच्या पाठीशी वैजनाथ पंडितांची विद्या आणि कॅरींचे परिश्रम होते, हे आपण मान्य करतो. त्याच व्याकरणाच्या पाठीशी हॅनाबाईंच्या शाळेची फीसुद्धा होती, हे मात्र मी एकाही मराठी पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

निवासी शाळा चालवणे म्हणजे काय, हे बाहेरून सहसा कळत नाही. आमच्या वसतिगृहाच्या दारावर अधीक्षकांच्या नावाची पाटी होती, पण रविवारी सकाळी आम्हाला ओट्यावर रांगेने बसवून नखे कापणाऱ्या, खरूज झालेल्या मुलाला वेगळे काढून गंधकाचे मलम चोळणाऱ्या आणि कोठीतून काढलेल्या ज्वारीचे माप संध्याकाळी वहीत टिपून ठेवणाऱ्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या. वीज गेली की त्या प्रथम कंदिलाकडे न जाता लहान मुलांच्या खोलीकडे जात. हॅनाबाईंच्या चरित्रातील तपशील मला समजले ते काकूंना पाहिले होते म्हणून, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कॅरींच्या पत्नी डॉरथी यांना मुलाच्या मृत्यूनंतर मानसिक आजार जडला होता आणि १८०७ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्यातून बऱ्या झाल्या नाहीत. कॅरी भाषांतरात बुडालेले, त्यामुळे त्यांची चार मुले अक्षरशः मोकाट होती. हॅनाबाईंनी एका पत्रात या सज्जन गृहस्थांविषयी लिहिले आहे की दोष त्यांना दिसतो, त्याची खंतही वाटते, परंतु स्वभाव इतका सौम्य की परिणामकारक उपाय त्यांच्याकडून होत नाही. इतक्या मोजक्या शब्दांत थोर माणसाचे मोजमाप क्वचितच कोणी केले असेल. तो उपाय मग हॅनाबाईंनी आणि मुद्रक विल्यम वॉर्ड यांनी केला. थोरला फेलिक्स पुढे छपाईत तयार झाला आणि बंगालीत ग्रंथरचना करू लागला. हॅनाबाईंना स्वतःची बारा मुले झाली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढे बंगाली मुलींच्या शाळांची देखरेखही त्यांनी केली.

इतके करूनही बोल लागायचा तो लागलाच. नव्याने आलेल्या मिशनऱ्यांशी व त्यांना पाठवणाऱ्या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेशी सेरामपूरकरांचे बिनसले, मार्शमन कुटुंब ऐषारामात राहते असे आरोप झाले, आणि १८२७ साली उघड फारकत झाली. ज्या बाईच्या कमाईचा मोठा भाग सामाईक तिजोरीत गेला तिच्याच जेवणाच्या टेबलावर बोट ठेवले जावे, याचा मला वाचताना राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

सगळ्यांच्या मागे हॅनाबाई उरल्या. वॉर्ड १८२३ साली गेले, कॅरी १८३४ साली. १८३६ साली डोंगरावरच्या लँडोरला बंगल्यास लागलेल्या आगीत धाकटी मुलगी हॅना गंभीर भाजली आणि तिचे तान्हे मूल दगावले. त्या बातमीचा धक्का जोशुआंना सोसवला नाही आणि १८३७च्या डिसेंबरात तेही वारले. हॅनाबाई आणखी नऊ वर्षे सेरामपूरलाच राहिल्या. १८४५ साली डेन्मार्कने ती वसाहत इंग्रजांना विकली तेव्हा, १७९९ साली डॅनिश निशाणाखाली उतरलेल्या मिशनरी जोडप्यांपैकी ते निशाण उतरलेले पाहायला त्याच तेवढ्या उरल्या होत्या. १८४७ साली, ऐंशीव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी कानपूर व लखनौच्या लढायांमुळे त्यांचे जावई हेन्री हॅवलॉक यांचे नाव इंग्लंडभर झाले. माझ्या हाती आलेल्या बहुतेक पुस्तकांत हॅनाबाईंचा उल्लेख जोशुआंच्या पत्नी, इतिहासकार जॉन क्लार्क मार्शमन यांच्या आई किंवा या सेनापतीच्या सासूबाई म्हणूनच येतो. शाळेच्या हिशेबाविषयी त्यांत एखादे वाक्य असते, पुष्कळदा तेही नसते.