सगळ्यांना थांबवणारा कॉम्प्युटर

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा साम्राज्यं उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम खेळताना चॅटमध्ये नुसता १४ आकडा टाकून एंटर दाबलं की सगळ्यांच्या हेडफोनमध्ये एक वैतागलेला आवाज येतो : अरे, आता सुरू करा ना! १३ टाकलं तर दुसरा टोमणा : हो हो, इंटरनेटवाल्याच्या नावानं फोडा खापर! टोमण्यांची ही यादी १९९९ च्या मूळ खेळापासून आहे. आमच्या कॉलेजच्या टोळक्यात मात्र हे दोन आकडे हल्ली एकाच इसमासाठी राखून ठेवले होते, आणि तो इसम म्हणजे मी.

आम्ही चौघं. एक पुण्यात, एक नाशकात, एक न्यू जर्सीत आणि मी डोंबिवलीत. शनिवारी रात्री, म्हणजे न्यू जर्सीकराचा सकाळचा चहा होतो तेव्हा, आम्ही चार आणि समोर कॉम्प्युटरचे चार असा डाव मांडतो. खेळ तोच, पण २०१९ साली नव्यानं रंगवून आलेला. जुन्याला ३२ एमबी रॅम पुरायची, नव्याला कमीत कमी ४ जीबी लागते. म्हणजे १२८ पट. माझ्याकडे बरोब्बर ४ जीबीच होती. काठावर पास.

आता माझा कॉम्प्युटर हळू असला तर त्याचा त्रास मला व्हावा, इतरांना का? नेमबाजीच्या गेममध्ये तसंच होतं. तुमचं यंत्र रखडलं की तुम्ही मरता, बाकीचे मजेत खेळत राहतात. इथे भानगड वेगळी आहे, आणि तिचं मूळ डायल-अप मोडेममध्ये, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या डबीत आहे. त्या काळच्या २८.८ किलोबिटच्या संथ मोडेमवरून शेकडो सैनिक कुठे उभे आहेत, कुणाला किती लागलंय, हे क्षणोक्षणी पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी एक शक्कल लढवली. सैनिकांची खबर पाठवायचीच नाही, फक्त हुकूम पाठवायचे. ‘हे तीरंदाज त्या टेकडीकडे.’ बस्स. मग ते कुठल्या झाडाला वळसा घालून जातात, कुणाचा बाण कुणाला लागतो, हे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरनं आपापल्या घरी मोजायचं आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत सारखं यायला हवं. एका बाणाचा फरक पडला तरी डाव मोडतो. त्यामुळे कुणी पुढे पळायचं नाही, ज्याचं गणित सगळ्यात शेवटी उरकतं त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं. घरोघरी फायबर आलं तरी खेळाचा हा पाया तसाच राहिलाय. आठ खेळाडू, प्रत्येकी २०० माणसं, म्हणजे १६०० जणांची चाल. डाव रंगात आला की डोंबिवलीतल्या माझ्या टेबलाखाली पंखा घरघरायला लागायचा आणि न्यू जर्सीतला घोडेस्वार तिकडे गचके खात चालायचा.

ही वाट शोधायची मोजदाद प्रोसेसरच्या माथी असते. ग्राफिक्स कार्डाचा तिथे फारसा संबंध नाही. हे आधी समजून घेतलेलं बरं, कारण ‘गेमसाठी’ एवढा शब्द दुकानात उच्चारला की पहिलं ग्राफिक्स कार्डच गळ्यात मारतात. माझा प्रोसेसर इंटेलचा आय३-३२२०, दोन कोरचा (म्हणजे आत मोजणारे मेंदू दोन), २०१२ सालच्या पिढीतला. त्याच ११५५ सॉकेटात, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत, बसणारा आय७-३७७० चार कोरचा आहे आणि गरज पडली की ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. नवा कुठून मिळणार, पण वापरलेला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात मिळतो.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते फक्त पाट्यांवर वाचायला मिळतं, तोंडी सगळ्यांच्या लॅमिंग्टनच. एका जिन्याखालच्या गाळ्यात काउंटरवर विशी-बाविशीतला मुलगा होता. मदरबोर्ड कुठला ते त्यानं आधी विचारलं, हे मला आवडलं. एच६१ म्हटल्यावर म्हणाला, “मग काका, रॅमच्या दोनच जागा. आठ-आठच्या दोन घ्या, त्याच्यापुढे तो बोर्ड घेतच नाही.” मी म्हटलं, एक जुनी आहे की, ती ठेवून एकच घेतली तर? “जुनी १३३३ च्या वेगाची असेल. नवीन १६०० ची. मग दोन्ही १३३३ नं चालणार.” म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातही आमच्या शनिवारच्या डावाचाच नियम. एसएसडीचंही, म्हणजे चकती नसलेल्या नव्या डिस्कचंही, तेच. ती सेकंदाला पाचशे एमबीच्या वर वाचू शकते, पण एच६१ चे डिस्क जोडायचे सॅटा पोर्ट जुन्या वेगाचे, त्यामुळे निम्म्यावर समाधान मानायचं. तरीही घ्यावी. फिरत्या हार्ड डिस्कला एकेका तुकड्यासाठी चकती फिरून यायची वाट बघावी लागते, आणि खेळ उघडताना असे तुकडे हजारोंनी असतात. चौघांपैकी तिघांचा नकाशा तयार आणि एकाची पट्टी अजून सरकतेय, यातला तो एक मी होतो, तो याच चकतीपायी.

ग्राफिक्स कार्डाला शेवटी मीही बळी पडलो, पण बेतानं. वेगळं कार्ड नसलं की चित्रं रॅममधलाच वाटा खातात, म्हणून एक जुनं १०५० टीआय कार्ड घेतलं. ते ७५ वॉटमध्ये भागवतं आणि वीज स्लॉटमधूनच घेतं. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, जुनाच राहू दे म्हटलं तर मुलानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “चालेल तोवर चालेल काका. पण जाताना एकटा जाणार नाही.” नवा घेतला.

घरी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता, चिमट्यानं ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. त्याखाली थर्मल पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झाले होते. निम्मा आळशीपणा इथेच असावा, असा मला दाट संशय आहे. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, बिचारा काय करेल? ब्लोअर मारून, कापसानं पुसून घेतलं. सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात, चिप खालून सपाट असते. एक पिन वाकली की बोर्ड भंगारात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून चिप अलगद ठेवायची, जोर अजिबात नाही. जोर पुढे लागतो, दांडी खाली दाबताना. तेव्हा काहीतरी चिरडल्यासारखा करकर आवाज येतो. तो आवाज यायलाच हवा असतो, हे माहीत असूनही माझे डोळे मिटले.

शहाण्या माणसांनी या खटाटोपावर बोट ठेवलंच. विंडोज १० ला मिळणारी मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. असं असताना बारा-तेरा वर्षांच्या यंत्रावर खर्च का? त्यांचं गणित बरोबर आहे. पण नव्या प्रोसेसरला नवा बोर्ड लागतो, नव्या बोर्डाला नवी रॅम, आणि मग जुनं असं फक्त कॅबिनेट उरतं. मला साम्राज्य वाढवायचं नव्हतं, चालतं ठेवायचं होतं.

या खेळात एक चाचणी आहे. अनोळखी लोकांशी गुणांसाठी खेळायचं तर तुमच्या यंत्राला आधी तिच्यात १००० गुण मिळवावे लागतात. इतरांना ताटकळत ठेवणाऱ्यांना दाराबाहेरच थांबवायची ही सोय. आधी मी तिच्या वाटेलाच जात नव्हतो, आता निवांत पार झालो. त्या शनिवारी नकाशा आधी माझा उघडला. पुणेकरानं गुर्जर घेतले (२०२२ पासून खेळात गुर्जर, बंगाली, द्रविड असे वेगवेगळे पक्ष मिळतात, मराठे नाहीत, खेळाचा काळच त्यांच्याआधी संपतो) आणि उंटांचे कळप घेऊन तो सुटला.

अर्ध्या डावात घड्याळ पुन्हा रेंगाळलं. मी ताबडतोब माझ्या यंत्राच्या वेगाचे आकडे सगळ्यांना दाखवले. थोड्या चौकशीनंतर कळलं, नाशिककर इतकी वर्षं माझ्याआड लपला होता. त्याचा लॅपटॉप. माझी जुनी ४ जीबी रॅमची पट्टी कुरिअर करतो म्हटलं, तर डेस्कटॉपची पट्टी लॅपटॉपला बसत नाही, त्याला तोकडी लागते. तोकडी शोधावी तर त्याच्या लॅपटॉपात रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली. तूर्त आम्ही माणशी लोकसंख्या २०० वरून १०० वर आणलीय. पुणेकराला ते मंजूर नाही. त्याचं म्हणणं, शंभर माणसांत साम्राज्य होत नाही, सोसायटीची वार्षिक सभा होते.