नोंदी लिहायला कोणता एडिटर? तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी टॉवेलच्या पाच-सहा कारखान्यांचे हिशोब लिहिते. कीर्द, खतावणी, जीएसटी हे सगळं टॅलीत जातं. पण त्याच्या आधीचं जे असतं, म्हणजे कोणतं बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) साइझिंगला, म्हणजे खळ द्यायला गेलं, कोणी किती उचल घेतली, कोणत्या रंगाचं सूत परत पाठवलं, ते मी दिवसभर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टिपत असते. पूर्वी त्याला कच्ची वही म्हणायचे. शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस स्क्रीनकडे बघतो आणि विचारतो, "ताई, हे कुठलं सॉफ्टवेअर ओ? आमच्याबी कम्प्युटरवर टाकून द्या की." गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आता सविस्तरच लिहिते.

आधी उत्तर देते. विंडोजच्या मशीनवर नोटपॅड असतंच, त्यातच सुरुवात करा. फाइली वाढल्या, शोधाशोध करावी लागली, की नोटपॅड प्लस प्लस टाकून घ्या. ते फुकट आहे. नुसत्या नोंदींसाठी वर्ड नको. आणि काहीही वापरलंत तरी फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं कम्प्युटरात साठवायची एक पद्धत) सेव्ह होतेय ना, हे पहिल्या दिवशी बघून घ्या. लोक मला एडिटरचं नाव विचारतात आणि माझा जीव अडकलेला असतो तो या शेवटच्या गोष्टीत.

२०१० ची दिवाळी होती. एका कारखान्यात सतरा कामगारांनी उचल घेतली. मी प्रत्येकाचं नाव, रक्कम आणि पुढे एक ओळ, कशासाठी घेतली आणि किती हप्त्यांत कापायची, असं मराठीत टाइप केलं. त्या मशीनवर एक साधासा एडिटर होता. सेव्ह करताना इंग्रजीत एक खिडकी उघडली, काही अक्षरं हरवू शकतात अशा अर्थाची. मी घाईत होते, ओके दाबलं. स्क्रीनवर मजकूर जसाच्या तसा दिसत होता, त्यामुळे शंकाच आली नाही. मशीन बंद करून घरी गेले. दिवाळी झाल्यावर फाइल उघडली, तर प्रत्येक ओळीत नुसती प्रश्नचिन्हं. मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आणि मध्ये रक्कम तेवढी शाबूत, कारण आकडे मी इंग्रजीत टाइप केले होते.

सतरा रकमा हातात होत्या आणि एकही नाव नव्हतं.

मी प्रश्नचिन्हं मोजायला बसले. (नावं बदलून सांगते.) हजेरीपट समोर ठेवला आणि लक्षात आलं की नावात जितके कोड, म्हणजे कम्प्युटरच्या हिशोबाने जितकी सुटी चिन्हं, तितकी प्रश्नचिन्हं पडली आहेत. कम्प्युटर काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतो. नागेश म्हणजे न, काना, ग, मात्रा, श, अशी पाच. श्रीनिवासची नऊ. असं करत चौदा माणसं लागली. पण अंबादासची सात होतात आणि लक्ष्मणचीही सातच. आपल्याला लक्ष्मण या नावात तीन अक्षरं दिसतात, पण त्यात ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ण असे सात कोड असतात. एका सातासमोर २००० होते आणि दुसऱ्या सातासमोर ३५००.

शेवटी शेडमध्ये गेले. माग चालू असताना तिथे कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. लक्ष्मणने नजर कापडावरून हलवली नाही. म्हणाला, "साडेतीन माझे, ताई. पोरीच्या फीला घेतलेते." अंबादासला विचारलं, त्याने दोन हजार सांगितले. उरलेल्या एकानेही खरी रक्कम सांगितली आणि बेरीज जुळली. त्या माणसांनी ठरवलं असतं तर आकडा कमी सांगता आला असता, आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता. रकमा मिळाल्या, पण कशासाठी घेतले आणि कसे कापायचे हे लिहिलेलं परत आलं नाही. जिथे प्रश्नचिन्ह पडतं तिथे मूळ अक्षर फाइलमधून गेलेलंच असतं, जगातला कोणताही एडिटर ते परत दाखवू शकत नाही.

तेव्हापासून नवीन मशीन आलं की मी पहिल्यांदा "सोलापूर" एवढं लिहून सेव्ह करते, फाइल बंद करते, परत उघडते. तुम्हीही तेवढं कराच. सोलापूर या शब्दात सात कोड आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट (फाइलची जागा मोजायचं माप) घेतो, म्हणून फाइलचा आकार २१ बाइट दिसला पाहिजे. २४ दिसले तरी काळजी नको, काही एडिटर सुरुवातीला तीन बाइटची खूण टाकतात. ७ दिसले तर मात्र तिथेच थांबा.

यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ मध्ये काढली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, आपल्याला तीन, पण सगळ्या लिप्या एकाच फाइलमध्ये गुण्यागोविंदाने बसतात. पूर्व भागातल्या कारखान्यांत मला हे फार कामाला येतं, कारण तिथे मालकांच्या टिपणात मराठीच्या मध्येच तेलुगू ओळ असते. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड नवीन फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये ठेवतं. मशीन त्याहून जुनं असेल तर सेव्ह ॲजच्या खिडकीत खाली एन्कोडिंग लिहिलेलं असतं, तिथे स्वतः निवडा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये खालच्या पट्टीवर उजवीकडे ते सतत दिसत राहतं.

आता नोटपॅडच का? कारण ते लगेच उघडतं. माणूस दारात उभा राहून सांगतो, "ताई, चार नंबरचं बीम उतरवलं," आणि निघून जातो. तेवढ्या वेळात लिहून व्हायला हवं. एफ-५ दाबलं की तारीख-वेळ पडते. आणखी एक जुनी सोय आहे जी फार कमी जणांना माहीत असते. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत टिंब देऊन पुढे इंग्रजी कॅपिटलमध्ये एल, ओ, जी लिहा, सेव्ह करा. पुढच्या वेळी उघडताना नोटपॅड स्वतःच शेवटी तारीख-वेळ टाकतं. माझ्या सगळ्या रोजच्या फाइली अशाच आहेत.

नोटपॅड प्लस प्लस २००३ पासून आहे. त्याची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे सेव्ह न केलेला मजकूरही ते दर ७ सेकंदांनी बाजूला ठेवतं. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि प्रत्येक टेबलाखाली यूपीएस नसतो. दुसरी सोय म्हणजे पूर्ण फोल्डरमध्ये एकदम शोधता येतं. "साइझिंग" टाकलं की चार वर्षांतल्या सगळ्या ओळी खाली रांगेने येतात.

पण शोध लागायचा तर लिहिणं एकसारखं हवं, आणि इथे मराठीचा वेगळाच त्रास आहे. मी कधी हिशेब लिहायचे, कधी हिशोब. निम्म्या नोंदी सापडायच्याच नाहीत. आता एका फाइलमध्ये मी माझे शब्द ठरवून ठेवलेत. त्याहून चिवट म्हणजे "दुसऱ्या"मधला अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ पासून आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. घरच्या आणि ऑफिसच्या कीबोर्डमध्ये हा फरक असेल तर तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच सापडत नाही. दोन्हीकडे एकच कीबोर्ड ठेवा. मी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी ठेवलीय.

रकाने पाडायला स्पेस मारत बसू नका. इंग्रजीत समान रुंदीचे फॉन्ट असतात, त्यात ते जमतं. देवनागरीत ओळी वेड्यावाकड्याच होतात. नाव, स्वल्पविराम, रक्कम, असं लिहा. पुढे एक्सेलमध्ये न्यायलाही सोपं पडतं.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो व्हिम नावाचा एडिटर शिक. त्याचा हात त्यात फार सुरेख चालतो, बघत राहावं असा. पण व्हिममध्ये इंग्रजी अक्षरं हाच हुकूम असतो. मराठी कीबोर्ड चालू असला की हुकूम चालत नाहीत, प्रत्येक वेळी भाषा बदलावी लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते जमतं. दिवसभर मराठीत टिपणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. नोंदींची मोठमोठी ॲप येतात, त्यांच्याबद्दल मी एवढंच विचारते, की उद्या ते ॲप बंद पडलं तर माझ्या नोंदी साध्या फाइली म्हणून बाहेर काढता येतात का? येत असतील तर खुशाल वापरा.

माझं आजवरचं सगळं टिपण मोबाइलवरच्या दोन-तीन फोटोंएवढ्या जागेत बसलंय. दर शनिवारी पगार वाटून झाला की ते पेनड्राइव्हवर घेते. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. गड्ड्याच्या यात्रेत कारखाने कोणकोणत्या वर्षी किती दिवस बंद होते, हे मालकांनी विचारलं की जानेवारीच्या फाइली एकाखाली एक समोर येतात.

मागच्या आठवड्यात चाटी गल्लीतल्या एका व्यापाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला. वय साठीच्या पुढे, कम्प्युटरवर आजवर फक्त बिलं बघितलेली. त्यांच्या मशीनवर "सोलापूर" लिहून फाइल बंद केली, उघडली, २१ बाइट दाखवले. फॉन्ट मोठा करून दिला, लांब ओळ खिडकीतच मोडावी म्हणून वर्ड रॅप चालू केलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अक्षर शोधत पहिली ओळ लिहिली: "निळे टॉवेल ४० डझन गेले. पिशवी एक फाटकी." सेव्ह केलं, फाइल बंद केली आणि मी न सांगता परत उघडून बघितली.